नाकातो उडाली

मदत संस्थेच्या अकेल्लोने पिशवीतून हिरवा फ्रॉक काढला, झटकला आणि बाकावर बसलेल्या मुलीच्या अंगाला लावून पाहिला. बरोब्बर मापाचा. कॅनडातल्या बाईंनी दोन पाठवले होते, एक लाल, एक हिरवा. लाल फ्रॉकमधला फोटो घेऊन झाला होता.

"आता हा घाल, बाळ. पटकन."

बाबिर्ये हलली नाही. तिने आईकडे पाहिलं.

आई कोपऱ्यात केळीच्या पानांत बांधलेलं मातोके, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा गोळा, दाबत होती. जुळ्यांच्या आईला ब्वाइसेच्या या वस्तीत कुणी नावाने हाक मारत नाही. नालोंगो म्हणतात, तोच तिचा मान. हात पुसत ती म्हणाली,

"एक फोटो झाला ना? मग हा कशाला?"

"हा नाकातोचा."

"कुणाचा ते माहितेय मला. हिच्या अंगावर का घालतेस, ते विचारतेय."

दुपार होती, तरी घरात बल्ब लावावा लागत होता. गटाराकडची खिडकी विटांनी बुजवलेली. भिंतीवर पुराची ओल कमरेपर्यंत चढली होती. त्या पुरानंतर वस्तीत जुलाब सुरू झाले आणि त्यात बाबिर्येची जुळी, धाकटी नाकातो गेली.

गेली, असं म्हणायचं नसतं. बागांडा लोकांचं जुळं मरत नाही, उडतं. शेंबडं पोरही हे जाणतं. पण संस्थेचा सर्व्हेवाला दुसऱ्या मुलखातला. त्याने विचारलं, धाकटी कुठेय? नालोंगो म्हणाली, उडाली. त्याने तसंच लिहून नेलं, आणि गार हवेच्या ऑफिसात बसलेल्या शहाण्यांनी त्यातून पोरीची विमानवारी काढली. पत्रक छापलं: ब्वाइसेच्या चिखलातून थेट आकाशात! त्याच गटारावर झाकण टाकायला संस्थेकडे पैसा नव्हता. पत्रकाचा कागद मात्र असा गुळगुळीत, की त्यावर माशी बसली तर घसरावी.

कॅनडातल्या बाई हरखल्या. दोघींचा खर्च त्याच करत होत्या. आता त्यांना दोघींचे फोटो हवे होते. अकेल्लोने बॉसला, ब्यारुगाबा साहेबांना, खरं काय ते सांगून पाहिलं. ते खुर्चीत नुसते डुलले.

"चेहरा सारखाच ना? मग एकीचाच दोनदा काढ. आज दोघी दिसल्या नाहीत तर दोघींची मदत बंद."

तेच अकेल्लोने आता जरा मऊ करून सांगितलं.

"नालोंगो, एवढ्यावरून हिची शाळा सुटेल. जेवण जाईल. एका फोटोचा तर प्रश्न आहे."

"आणि हिने त्या नावाला ओ दिली तर? धाकटी म्हणेल, माझी जागा भरली वाटतं. मग ती हिची मागेल." नालोंगोने बोटाला लागलेलं मातोके पानावर निरपलं. "तुझ्या बॉसला म्हणावं, एन्टेबेच्या विमानतळावर जा. उतरली असेल तर तिकडेच काढ फोटो."

अकेल्लोला हसू येणार होतं. नालोंगो हसत नव्हती.

"नाव काय गं तुझं?"

"अकेल्लो."

"म्हणजे गुलूकडची. बाजारात माझ्या शेजारी तुमच्यातलीच एक मासे घेऊन बसते. जुळ्यांच्या पाठीवर झालेलीला तुमच्यात अकेल्लो म्हणतात ना?"

"हो."

"मग तुझ्या आईने ताटं किती मांडली?"

अकेल्लोचा हात नकळत गालावर गेला. जुळ्या बहिणींतली थोरली आपियो तिने पाहिली होती, धाकटी आचेन कधीच नाही. तरी आचेनचं ताट रोज मांडलं जायचं. लहानपणी एकदा ती त्या ताटावर बसली होती. आईने तिला जन्मात एकदाच मारलं, ते तेव्हा.

तिने हिरव्या फ्रॉकची घडी घातली आणि तो बाबिर्येच्या शेजारी बाकावर ठेवला.

"घालू नकोस," ती म्हणाली.

"फोटो तिचा हवाय ना?" नालोंगो म्हणाली. "मग तिलाच हाक मार. हिला कशाला मध्ये घालतेस?"

ती चेष्टा करतेय का, हे अकेल्लोने तिच्या तोंडाकडे बघून ताडायचा प्रयत्न केला. मग फोन उचलला.

"नाकातो. इकडे बघ."

बाबिर्येने फोनकडे पाहिलंच नाही. तिने शेजारचा फ्रॉक उचलून मांडीवर घेतला, त्यावर कुणी बसू नये म्हणून उचलावा तसा, आणि थोडी सरकली. बाक कुरकुरला. तिच्या सरकण्यानेच असेल. मग ती बाजूला बघून हसली.

फोटो निघाला. एक मुलगी, बाकाच्या टोकाला. अर्धा बाक रिकामा. अकेल्लोने तो मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. मग खाली दोन नावं टाकली, बाबिर्ये आणि नाकातो, आणि तसाच बॉसला पाठवून दिला. नोकरी गेली तर गेली. निदान त्याच्या तोंडावर एकदा रिकामी जागा मारली, एवढं समाधान.

मातोके अजून पानातच होतं, तोवर उत्तर आलं. तिने ते मोठ्याने वाचलं.

"झकास! दोघी किती गोड. हिरवा जास्त खुलतोय. लगेच कॅनडाला पाठवतो. मदत चालू."

बाबिर्येने मांडीवरच्या फ्रॉकवरून हात फिरवला.

"न बघताच लिहिलं असेल," अकेल्लो म्हणाली. "तो मेला कधी बघतो नीट."

"असेल," नालोंगो म्हणाली.

तिने पोरींची दोन ताटं घेतली. दोन्हींत सारखं मातोके, सारखं शेंगदाण्याचं कालवण. मग वाकून तिसरं काढलं.

"जेवून जा आता. बस."

बाकावर अर्धी जागा मोकळी होती. अकेल्लोने दारातली ओली चटई ओढून घेतली आणि खाली बसली.