दहा लाख एकशे त्र्याण्णवची कैफियत

मी एक जुनी मूळ संख्या आहे, १०००१९३. मित्रांनो, जुनी म्हणजे किती ते विचारू नका. मला कुणी घडवलं नाही, की कधी गंज चढला नाही. एक आणि मी स्वतः सोडून दुसऱ्या कोणत्याही संख्येने मला निःशेष भाग जात नाही. एवढाच माझा तोरा!

१९७८ साली नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या एका शाळेतल्या लताबाईंना मी सापडले. बाई गणितात बी.एस्सी., पण शिकवायला पाचवीचं नागरिकशास्त्र! दहावीचं गणित मागितलं, तर हेडमास्तर वेणीमाधव सर म्हणाले, "शाळेच्या प्रदर्शनात दहा लाखांपुढची एक मूळ संख्या सिद्ध करून दाखवा, मग बघू."

बाई इरेला पेटल्या. हजाराच्या आतल्या मूळ संख्या एकशे अडुसष्ट. त्यांतल्या एकीनेही भाग गेला नाही, की मी मूळ ठरले. दिवाळीची अख्खी सुट्टी बाई वहीत मला भागत बसल्या. सातने भागलं, बाकी पाच. तेवीस झाले, एकोणतीस झाले. बाकी उरली की बाई खुदकन हसायच्या, आणि मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

तक्ता लिहायला सुंदर अक्षराचे कारकून निवृत्तीभाऊ बसले. बाईंनी वाचून दाखवलं, "दहा लाख एकशे त्र्याण्णव." भाऊंनी घाईत आधी तीन लिहिला, मग नऊ. झालं, १०००१३९! मग रीतीप्रमाणे अंकांची बेरीज करून ताळा पाहिला. वहीत चौदा, तक्त्यावरही चौदा.

"ताळा जमला, बाई!"

अहो, अंकांनी जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते! मी वहीतून बोंबलत होते, पण संख्येला तोंड कुठलं? बाईंनीही तक्त्यावर वरवर नजर फिरवली.

प्रदर्शनात परीक्षकांनी तक्त्यावरची संख्या फळ्यावर घेतली आणि सातने भागली. बाकी शून्य.

"बाई, निदान सातचा पाढा तरी म्हणून बघायचा!"

सगळे हसले. "पण मी तर..." एवढंच बाई बोलल्या.

"राहू द्या," वेणीमाधव सर म्हणाले. "तुम्हाला पाचवीच बरी."

घरी आल्यावर एकदा वही उघडली असती तर! नाही उघडली. पुठ्ठ्यावर लाल शाईने 'चूक' लिहिलं आणि वही ट्रंकेच्या तळाशी टाकून दिली. मी आत तशीच पडून राहिले.

१९८६ साली बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही गणित का नाही शिकवलंत?"

"मला नाही गं जमत ते," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, कळवळून सांगते, कुणाला चुकलं म्हणण्याआधी त्याची वही बघा. स्वतःला चुकलं म्हणण्याआधी तर बघाच. माझं काही बिघडलं नाही. कुणी काहीही लिहिलं तरी मी मूळच राहते. बाईंचं तसं नव्हतं. त्यांनी ते खरं मानलं, आणि मला काहीही करता आलं नाही.