घैमाचा माग

घैमा मेली, असं मीच सांगितलं. ऑफिसात सगळ्यांसमोर, जमिनीवर हात टेकून. आता आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

घैमा ही ओरिक्सची, म्हणजे वाळवंटातल्या हरणाची मादी. पांढरी, सरळ लांब शिंगांची. दोन दिवसांची असताना तिची आई कुंपणात मेली आणि मी तिला माझ्या शेळीच्या दुधावर, बाटलीनं वाढवलं. दीड वर्षाची झाल्यावर तिला जिद्दतच्या, म्हणजे आमच्या वाळवंटाच्या मोकळ्या माळावर सोडलं. हातावर वाढलेलं जनावर बाहेर जगतं का, हे वरच्या साहेबांना बघायचं होतं. वर्षभर जगली आणि माणसांच्या दारात परत आली नाही, तर तिच्यानंतर कुंपणात वाढवलेली दोन पाडसंही सोडायची. नाहीतर पाडसं ट्रकात घालून लांबच्या प्राणिसंग्रहालयात, कायमची. ती दोघंही माझ्याच बाटलीवर वाढलेली. दुधाची वेळ झाली की तारेला नाक लावून उभी राहायची.

सातव्या महिन्यात घैमाचा ठावठिकाणा सांगणारा गळपट्टा एका बाभळीखाली तुटून पडलेला सापडला. तिचा माग मी दगडगोट्यांच्या पठारापर्यंत नेला. तिचे खूर लांब होते, टोकं आत वळलेली; हजार ठशांत मी ते ओळखले असते. पठारावर ते दिसेनासे झाले. चार महिने मी तो मुलूख पालथा घातला, पण तसा ठसा पुन्हा दिसला नाही.

आमच्या घरात मागाची साक्ष जमिनीवर हात टेकून, एकदाच देतात. ती खोटी ठरली तर त्या माणसानं पुन्हा जन्मात मागावर बोलायचं नाही. माझा बाप एका उंटिणीच्या मागात चुकला. त्यानंतर तीस वर्षं आमच्या शेळ्या हरवल्या तरी तो माग बघायचा, आणि तोंड दाबून बसायचा. म्हणून मी शब्द जपून देते. पण चार महिने म्हणजे पुष्कळ झाले, असं मला वाटलं.

"मावशी, नक्की ना?" बखीतनं विचारलं. बखीत म्हणजे माझ्या बहिणीचा मुलगा, आणि ओरिक्स राखणाऱ्या आमच्या ऑफिसचा प्रमुख; तिथे माग काढायचं काम माझं.

"नक्की. या जिद्दतवर घैमाचं पाऊल नाही."

"मग गुरुवारी ट्रक येईल," तो मान खाली घालून म्हणाला.

आणि दुसऱ्याच दिवशी मला एक माग दिसला.

ठसा ओरिक्सचाच, मादीचा, पण आखूड. खूर बोथट, गोल, पाऊल भरभर टाकलेलं. बाहेर आठ ओरिक्स आहेत आणि आठही मला माझ्या चुलत्यांसारखे पाठ आहेत. ही नववी कोण? कुंपणाचं दार बंद. दुसऱ्या मुलखातून आली म्हणावं तर मधे दोनशे मैल नुसती वाळू. मी त्या मागावर बसले, उठले, पुन्हा बसले. काही केल्या डोक्यात प्रकाश पडेना.

संध्याकाळी मुसल्लमला, माझ्या नवऱ्याला सांगितलं. तो वाळवलेल्या मोरी माशाचा भात चापत होता.

"आभाळातनं पडली असेल," तो म्हणाला.

"थट्टा नको."

"तफूल, अगं, तुला एक जनावर ओळखता येत नाहीये. माझ्या आयुष्यात हा दिवस आलाय, मला जरा मजा तर घेऊ दे."

मी त्याच्या पुढची खजुरांची थाळी उचलून आत नेली.

पुढचे दोन दिवस मी त्या अनोळखी मादीच्या मागावर होते; ती स्वतः नजरेस पडली नाही आणि मी जास्तच गोंधळत गेले. समुद्राकडून धुकं आलं की ती पहाटे झुडपांवरचं दव चाटायची. उन्हं चढली की बाभळीखाली माती उकरून थंड खळग्यात बसायची. पाण्याच्या हौदाकडे फिरकायचीही नाही. अगदी रानात जन्मल्यासारखी! बाटलीवर वाढलेल्या जनावराचं यात काही नव्हतं. तरी चाल ओळखीची वाटायची, आणि ठसा बघितला की परकी. एकदा तर मला वाटलं, माझेच डोळे गेले. मी मुसल्लमच्या चपलेचा ठसा शोधून काढला, तो ओळखता येतोय ना ते बघायला. आला.

बुधवारी दुपारी मी जुन्या सवयीनं शेळ्यांचे खूर कापायला बसले. आमचा तंबू पूर्वी वाळूच्या पट्ट्यात होता, तिथे दर महिन्याला खूर कापावे लागत. लांब वाढून आत वळायचे. गेल्या वर्षी आम्ही गोट्यांवर राहायला आलो. मी थोरल्या शेळीचा पाय मांडीवर घेतला, सुरी लावली, आणि कापायला काही नव्हतंच. खूर आखूड, बोथट, गोल. दगडांनी झिजून झिजून तसा झालेला.

सुरी हातात तशीच राहिली. घैमा दीड वर्ष कुंपणातल्या मऊ वाळूत होती, सुटल्यावरही आधी वाळूच्याच पट्ट्यात. आता चार महिने ती गोट्यांवर फिरत होती.

मी शेळी सोडली आणि चालत सुटले. ती मादी बसायची त्या बाभळीपाशी पोचले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. खळगा ताजा होता. गुडघ्यांवर बसून मी उकरलेली माती बघितली. ओरिक्स दोन्ही पायांनी उकरतो, माती दोन्हीकडे उडते. इथे सगळी माती एकाच बाजूला होती. माझी घैमा डावखुरी. कुंपणात होती तेव्हाही फक्त डाव्या पायानं उकरायची, आणि मी तिला त्यावरून चिडवायची.

मान वर केली तर ती समोर उभी होती, शंभर पावलांवर. अंग भरलेलं, पोटही. गाभण होती. मी जीभ टाळूला लावून बाटलीच्या वेळी काढायची तो आवाज काढला. तिनं कान फिरवले, माझ्याकडे बघितलं, आणि वळून निघून गेली. मला आनंद झाला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. कशाचं काय होतंय ते मला कळेना.

गुरुवारी सकाळी ट्रक ऑफिसच्या दारात होता. पाडसं आत चढवायला फळी लावली होती. मी बखीतला सगळं सांगितलं.

त्यानं आधी दार लावून घेतलं. "मावशी, चुकले असं म्हणू नकोस. ठसा काल सापडला एवढंच म्हण. बाकी मी बघतो."

"मी जमिनीवर हात टेकून सांगितलं होतं."

"अगं, पण मग इथला माग कोण बघणार? तुझ्यासारखं कोण आहे?"

"तुम्ही बघा. शिका. दार उघड."

त्यानं दार उघडलं. मी सगळ्यांसमोर पुन्हा हात टेकला आणि म्हणाले, "मी चुकले. घैमा जिवंत आहे. आता मला मागाचं कुणी विचारू नका." ट्रकवाल्यानं कॉफी घेतली आणि रिकामा ट्रक घेऊन गेला. राहिलेल्या महिन्यात घैमा कुणाच्या दारी दिसली नाही, म्हणून महिन्याअखेर पाडसं माळावर गेली. ती मागं वळून बघत होती म्हणे, मी बघितलं नाही.

लोक आता माझ्यासमोर ठशांवर वाद घालतात. परवा बखीतनं नराला मादी म्हटलं. मी कॉफी ओतत राहिले. बाप तीस वर्षं कसा जगला असेल, ते आता मला कळतंय.

आज पहाटे धुकं दाट होतं. मी तंबूबाहेर आले तर दारापुढच्या, गोटे वेचून काढलेल्या मऊ मातीत ठसे होते. आखूड, बोथट खुरांचे. शेजारी एक चिमुकली जोडी, पंधरा दिवसांच्या पिल्लाची. दोघं तंबूच्या दोरीपर्यंत आली होती, जिथे पाडसांच्या दुधाच्या बाटल्या अजून टांगलेल्या होत्या. तिथे बराच वेळ थांबली होती, आणि परत गेली होती.

घैमाचं वर्ष सरलं, पण पाडसांचं आता कुठे सुरू झालंय, आणि नियम तोच. बखीतनं हे बघितलं तर वर कळवावंच लागेल. मग साहेब म्हणतील, बाटलीवर वाढलेली शेवटी दारीच येतात, आणि पाडसं पुन्हा पकडून त्या ट्रकात. आणि ती का आली होती? दुधासाठी? पिल्लू दाखवायला? की धुक्यात वाट चुकून? कितीतरी वेळ बघत राहिले, पण ठशांत ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

मी खजुरीची झाडणी घेतली आणि दोरीपासून सुरुवात केली.

मुसल्लमनं तंबूतून डोकं बाहेर काढलं. "वाळवंट झाडतेस?"

"हो."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. लहान ठशांची एक जोडी माझ्याकडून राहिली होती. तो अनवाणी बाहेर आला, त्यावर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मग कॉफी मी ठेवतो. तुझं झालं की ये."