महागाईचा बडग्या पळाला

नागपुरातली महागाई का हटत नाही, याची कारणं शिकलेली माणसं पेपरात लिहितात. लिहू द्या बापड्यांना. खरं कारण मला ठाऊक आहे. ते माझ्या डोळ्यांदेखत तळ्याकाठच्या बेशरमाच्या झुडपात शिरलं, आणि शिरताना त्याच्या भाजलेल्या ढुंगणातून वाफ निघत होती.

त्याचं नाव देवाजी. आमच्या खडी गंमतीतला सोंगाड्या. खडी गंमत म्हणजे उभ्यानं करायची गंमत. शाहीर उभा, साथीदार उभे, लुगडं नेसलेला नाच्या उभा आणि ढोलकी कमरेला बांधून मीही उभा. बसायचे फक्त लोक. आणि तेसुद्धा देवाजी पुढे येईस्तोवर. देवाजी आला की लोक उठायचे चहाला. हे इतकं ठरलेलं, की उमरेडचा एक चहावाला आधी देवाजीचं सोंग कधी आहे ते विचारायचा, मगच शेगडी पेटवायचा.

वाईट करायचा का? मुळीच नाही. कामठीच्या बाजारात त्यानं एकदा शिंक अडकलेल्या माणसाचं तोंड केलं, तर समोरची म्हैस शिंकली. हसा तुम्ही; म्हशीच्या मालकाला विचारून या. पण म्हशी काही गंमतीला येत नाहीत. येतात माणसं, आणि त्यांना नाच्या पाहायचा असतो.

बरं, एवढं होऊन हा बाबा गप्प बसेल? छे. रेशनच्या रांगेत तोंडं करी, नळावर करी, विहिरीत वाकून आपल्याच पडछायेला करून दाखवी. त्याच्या अंगात जणू मुंग्यांचं वारूळ होतं. बसला की गुडघा हाले, गुडघा धरला की भुवई हाले.

त्याची बायको कौसल्या दारात बसून विड्या वळायची. एका दुपारी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि माझ्यासमोरच म्हणाली, "अवो, सोडा असं मी म्हणत नाही. पण हे कोणासाठी करता, ते सांगा मले. एक माणूस दाखवा. एकच. जो तुमाले पाहून पाय थांबवते."

"लोक पाहतात वं," देवाजी म्हणाला.

"चहाची किटली पाहतात. माह्या दादानं गिरणीच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा बोलून ठेवली हाय. मारबतीच्या दिवसापर्यंत माणूस दाखवा. नाही तं दुसऱ्या दिवशी सकाळी दादासंग गिरणीवर."

"आन् दाखवला तं?"

"तं जन्मात या गोष्टीवर बोलणार नाही मी."

"तू? जन्मात?" मी मध्ये तोंड घातलं.

"धोंडबाभाऊ, तुमी ढोलकी वाजवा."

झालं. त्या दिवसापासून देवाजीनं मला आणि माझ्या ढोलकीला सोबत घेऊन नागपूर पालथं घातलं. बर्डीवर सोंग, इतवारीत सोंग, स्टेशनच्या पुलावर सोंग. लोक आमच्या अंगावरून असे जात, जसं पाणी म्हशीच्या पाठीवरून जातं. एकदा मात्र इतवारीत एक धोतरवाला खरोखर थांबला. देवाजीनं जीव ओतला. सासूला भ्यालेला वाघ करून दाखवला, शेपटीसकट. धोतरवाल्यानं शेवटपर्यंत पाहिलं, पान थुंकलं आणि विचारलं, "काहो, सराफा ओळ इकडून पडते का तिकडून?"

मारबत उद्यावर आली तेव्हा देवाजीचा गुडघासुद्धा हालायचा थांबला होता. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

आता मारबत म्हणजे काय, ते नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कागदा-बांबूच्या बायांचे प्रचंड पुतळे, म्हणजे मारबती, निघतात, आणि त्यांच्या मागे वस्तीवस्तीचे बडगे. त्या वर्षी जो कोणी लोकांच्या छातीवर बसला असेल, त्याचा पुतळा म्हणजे बडग्या. लोक आपली ईडापीडा त्याच्या तोंडावर ओरडून त्याच्या अंगी लावतात आणि वस्तीबाहेर नेऊन जाळतात. बडग्या निघाला नाही, तर वर्षभराची पीडा वस्तीतच मुक्काम करते.

चौऱ्याहत्तर साल. रॉकेल नाही, साखर नाही, मैदा तर डोळ्यांना दिसत नव्हता. आमच्या वस्तीचा बडग्या बाबाराव बनवायचे. त्यांनी महागाईचा बडग्या केला: हातात रॉकेलचा रिकामा पिपा, गळ्यात कांद्यांची माळ. पण खळीला मैदा कुठला? म्हणून त्यांनी ज्वारीच्या पिठाची घट्ट खळ केली, आणि चिकटपणा यावा म्हणून तिच्यात गूळ घातला. सकाळी उठून पाहतात तर वस्तीतल्या बकऱ्यांनी महागाई खाऊन टाकलेली. डोकं नाही, पोट नाही. कांद्यांची माळ नाही. बांबूचा सांगाडा, पिपा आणि एक तृप्त ढेकर.

बाबाराव कपाळ धरून बसले. बाहेर डफडी वाजायला लागलेली.

"माणूस उभा करा," देवाजी म्हणाला.

"कोण उभा राहीन बे दिवसभर?"

"खडी गंमतवाला हाओ मी. उभंच राहतो. आन् मले पाहते कोण? कोणी वळखणारसुद्धा नाही."

हे त्यानं इतक्या साधेपणानं म्हटलं की बाबारावांनी दोरीच शोधायला घेतली. आम्ही त्याला सांगाड्याला बांधलं, तोंडाला काजळी आणि पिवळा रंग फासला, अंगभर उरलासुरला कागद चिकटवला. बेत असा, की तळ्याजवळच्या वळणावर त्याला हळूच उतरवायचं आणि नुसता सांगाडा जाळायचा.

"पण हालू नको," बाबारावांनी बजावलं. "हालला तं बडग्या नाही, माणूस होशीन."

बैलगाडी निघाली. पुढे मी ढोलकी घेऊन, वर देवाजी. इतवारीत शिरलो आणि जिजाबाई भाजीवाली पहिली पुढे आली. कमरेवर हात ठेवून तिनं थेट त्याच्या तोंडावर तोफ डागली. "रॉकेलच्या रांगा घेऊन जा रे बडग्या! माह्या सुनेची जीभ घेऊन जा! माह्या गुडघ्याची कळ घेऊन जा!"

देवाजी दगडासारखा उभा. पण सुनेच्या जिभेवर त्याची डावी भुवई हालली. गुडघ्याच्या कळेवर तोंडच हळूहळू वाकडं झालं, जणू कळ खरंच त्याच्याकडे आली.

"माय वं!" जिजाबाई किंचाळली. "यानं घेतली! माह्या गुडघ्याची कळ घेतली यानं!" आणि ती तिथल्या तिथं उकिडवी बसून पुन्हा उभी राहिली, लोकांना दाखवायला.

मग काय विचारता. लोक थांबले. एक नाही, दोन नाही, गल्ली थांबली. गच्च्यांवर बायका, खांबांवर पोरं. ज्यानं त्यानं आपली पीडा आणून तोंडावर ओरडावी आणि देवाजीनं ती तोंडानं घ्यावी: दातदुखी घेतली, घरमालक घेतला, नापास झालेली मॅट्रिक घेतली. मागचे बडगे तुंबून राहिले. बैल मान वळवून पाहायला लागले, ते मी स्वतः पाहिलं.

"बाबाराव, दोरी कुठी लपवली गा?" लोक विचारत होते. "काय कारागिरी हाय!"

बाबारावांनी सांगायला तोंड उघडलं, इतक्यात त्यांच्या गळ्यात हार पडला. दुसरा पडला. तिसऱ्या हाराबरोबर लोकांनी त्यांना खांद्यावर उचललं. हारांखालून माणसाला खरं बोलता येत नाही; फुलं तोंडात जातात.

मी वर पाहिलं. देवाजीचे डोळे त्या हारांवर होते, आणि ते तोंड मात्र सोंग नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून कौसल्या आली. डोक्यावर पदर, हाताला तंबाखूचा वास. तिनं बडग्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. हात जोडून, डोळे मिटून ओरडली, "माह्या नवऱ्याच्या डोक्यातलं गंमतीचं याड घेऊन जा रे बडग्या!"

माझी थाप चुकली. सगळ्यांची पीडा घेतलेला माणूस. आता ही कशी घेणार?

 देवाजीच्या ओठांची कड थरथरली, नाक वर चढलं, डोळे बारीक झाले, आणि त्यानं शिंक अडकलेल्या माणसाचं तोंड केलं. कौसल्येनं डोळे उघडले. घरात हजार वेळा पाहून न हसलेली ती बाई फस्सकन् हसली. पोट धरून हसली. हसता हसता तिची नजर त्याच्या कानातल्या ओळखीच्या बाळीवर गेली, आणि हसू तोंडातच राहिलं.

ती गाडीच्या कडेला हात लावून चालायला लागली.

वळण आलं तेव्हा त्याला उतरवणार कसं? गर्दी गाडीला चिकटलेली. बाबाराव खांद्यांवर तरंगत पुढे गेलेले. मी ओरडलो, "थांबा गा, माणूस हाय!" पण इतकी डफडी वाजत असताना ढोलकीवाल्याचं कोण ऐकतं? तळ्याकाठी पोहोचलो आणि कोणीतरी मागून पेटता बोळा लावला. ज्वारीच्या खळीचा कागद कसा पेटतो, ते मला विचारू नका. देवाजीला विचारा.

कौसल्या गाडीवर चढली, विड्यांची पानं कापायची कात्री कमरेतून काढली, सांगाडा गाडीला बांधलेल्या दोऱ्या कापल्या आणि ओरडली, "अवो, पळा!"

महागाईनं गाडीवरून उडी मारली. पाठीवर सांगाडा, हातात पिपा, मागे धूर. अर्धे लोक पळाले, अर्धे पाया पडले. महागाई तळ्यात बुडाली, वाफ निघाली, आणि पलीकडच्या काठानं बेशरमात शिरून गडप झाली. त्या वर्षी ती जळली नाही, हे लक्षात ठेवा. ती इथंच कुठंतरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्येचा भाऊ न्यायला आला. देवाजी भिंतीला तोंड करून उभा होता; पाठीमागे खोबरेल लावलेलं.

"चला भाऊजी, गिरणीवर. स्टूल ठेवलं हाय तुमच्यासाठी."

देवाजीनं कौसल्येकडे पाहिलं. लोकांनी हार बाबारावांना घातले होते, नागपुरात कोणालाही त्याचं नाव ठाऊक नव्हतं, आणि तिनं 'जा' म्हटलं असतं तर तो गेलाही असता. मला ते दिसत होतं.

"दादा," कौसल्या विडी वळता वळता म्हणाली, "याइले स्टुलावर बसता येत नाही. उभ्यानं करायचं काम असलं तं सांग."

"उभ्यानं कोणतं काम?"

"ते हाय याइच्यापाशी."

पुढच्या आठवड्यात कामठीला आमची गंमत होती. देवाजी पुढे आला आणि लोक नेहमीसारखे उठले. सगळे. सतरंजी मोकळी झाली, चहावाल्याकडे झुंबड उडाली. देवाजीचा गुडघा हालायला लागला, भुवई हालायला लागली. त्यानं पहिलं तोंड केलं, दुसरं केलं.

बायकांच्या बाजूला कौसल्या एकटी बसून होती. चहा तिनं घरूनच किटलीत आणला होता.