सगळे आवाज बंद

मोठ्या सिस्टरांना सव्वीस वर्षांत ऑपरेशन थिएटरमधली मशिनं आवाजावरून पाठ झाली होती. पाठमोऱ्या उभ्या राहून कात्र्या मोजत असल्या, तरी पेशंटचा ऑक्सिजन घसरला की त्यांची मान आपोआप वळायची. मग नवी यंत्रणा आली. दिवे, कॅमेरा, नाडी, ऑक्सिजन, सगळं एकाच पडद्यावर. ती बसवणारा इंजिनिअर म्हणजे त्यांचा जावई. सिस्टर महिनाभर हवेत होत्या.

चाचणीच्या दिवशी त्यांनी पडद्यावरचं 'शांत' बटण दाबलं आणि झाडून सगळ्या मशिनांची तोंडं मिटली.

"अहो, ऑक्सिजनचा आवाज बंद होऊन कसं चालेल?"

"सेटिंग राहिलंय, आई. करतो."

रविवारी जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं. "झालं ते," ताटातून मान वर न करता जावई म्हणाला.

बुधवारी टेबलावर एक शिक्षिका होती. वय चौतीस, पित्ताशयाचं साधं ऑपरेशन. रक्त थांबवायचं यंत्र चालू झालं की हृदयाचा आलेख उगाच उड्या मारायचा आणि अलार्म कोकलायचा. भूलतज्ज्ञ शेजारच्या थिएटरमध्ये डोकावायला गेले होते. सर्जनच्या सांगण्यावरून कॅमेऱ्याचं चित्र पडदाभर केलेलं, आकडे कोपऱ्यात मुंगीएवढे.

"सिस्टर, ती किरकिर बंद करा. डोकं उठलंय."

त्यांनी बटण दाबलं. छान शांतता झाली. त्या शांततेत शिक्षिकेची श्वासाची नळी निसटली, आणि ऑक्सिजनचा अलार्मही वाजला नाही.

"रक्त असं काळं का दिसतंय?" सर्जननी विचारलं, तोवर पाच मिनिटं गेली होती. शिक्षिका जगली, पण शुद्धीवर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी रिकाम्या थिएटरात चाचणीचे अलार्म लावून ते बटण दाबून पाहिलं. ऑक्सिजनचा अलार्म ठणठणीत वाजत राहिला. रातोरात कुणी सेटिंग बदललं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्या तिथंच स्टुलावर बसल्या.

चौकशीत यंत्रणेची नोंद निघाली. त्यात सिस्टरांचं नाव होतं आणि सेकंदासकट वेळ. आपण काही सांगितल्याचं सर्जनना आठवेना. सेटिंग पहिल्यापासून बरोबर होतं, ऑक्सिजनचा अलार्म वाजतच होता, असं जावयानं लिहून दिलं.

संध्याकाळी लेक आली. चप्पलही न काढता दारातच म्हणाली, "आई, तू काही बोलणार नाहीस ना?"

"त्यानं तुला सांगितलंय सगळं?"

"हो. त्याला तुरुंगात जावं लागेल गं. तुझं काय, तू तशीही दोन वर्षांनी रिटायरच होणार."

"आणि त्या बाईचं काय?"

"तू खरं बोललीस म्हणून ती उठून बसणारे का?"

सिस्टरांनी कबुलीवर सही केली. नोकरी गेली, नर्सिंगचा परवानाही गेला. पुढच्या इस्पितळात यंत्रणा शिकवताना माणसाच्या चुकीचं उदाहरण म्हणून जावई तीच नोंद दाखवू लागला. लेकीनं हळूहळू फोन कमी केले.

एका दुपारी शिक्षिकेचा नवरा पत्ता शोधत आला. सिस्टरांनी खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

"भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय. तुम्ही तिथं होतात. इतका मोठा अलार्म तुम्हाला ऐकू कसा आला नाही?"

आतल्या खोलीत फोन वाजून थांबला.

"माझं लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या.

तो त्यांच्या उंबऱ्यावर थुंकला आणि जिना उतरून गेला.