शनिवारी न लिहिलेली यादी

मित्रांनो, मी एक जुनी मेझुझा आहे. बुचकळ्यात पडलात ना? घुग्घुसच्या आमच्या गल्लीत मला या नावाने एकच बाई ओळखते. बाकीचे मला तावीज म्हणतात. मी बोटभर लांबीची सागवानी डबी आहे, दाराच्या चौकटीला उजव्या हाताला ठोकलेली. माझ्या पोटात चर्मपत्राची गुंडाळी आहे आणि देव एकच आहे, असं तिच्यावर हिब्रू अक्षरांत लिहिलेलं आहे. यहुदी माणूस येता-जाता मला बोटं लावतो आणि ती ओठांना टेकवतो.

माझी गुंडाळी समुद्रापलीकडून आली. डबी मात्र अहेरीकडच्या सागाची, लालसू सुताराने केलेली. कोळसा खाणीत नोकरीला लागलेले एलिजा झिराडकर नवी नवरी घेऊन अलिबागकडून इथे आले, तेव्हा त्यांनी ती करवून घेतली. लालसू म्हणाला होता, "इतकुशा डबीत तुमचा देव मावते काय जी?" एलिजा नुसते हसले होते.

ती नवरी म्हणजे मिल्काबाई. एलिजा आपल्या लेकीला, सिपोराला, दर सणाला एकच गोष्ट सांगत. आपले पूर्वज परक्या देशात गुलाम होते. पुढे त्यांच्यातल्या काहींचं गलबत कोकणात फुटलं. तिथल्या लोकांनी त्यांना आसरा दिला, तेलाचा घाणा चालवू दिला. शनिवारी हे घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. "म्हणून परका दिसला की त्याला छळायचं नाही," एलिजा म्हणत, "आपण तेच होतो." मी चौकटीवरून ऐकत असे आणि मला फार बरं वाटे.

मग एलिजा गेले. सिपोरा लग्न होऊन इस्राएलला गेली. तिथे लोक तिला हिंदुस्तानी म्हणतात, असं ती फोनवर सांगते, आणि मिल्काबाई कपाळावर हात मारून घेतात. माझ्यावर कोळशाची धूळ बसत राहिली. शेजारच्या आशाबाई मात्र दर दिवाळीला उंबरठ्यासोबत मलाही हळदकुंकू लावतात. यहुद्यांत असलं काही नसतं, पण मिल्काबाईंनी ते कधी पुसलं नाही. शनिवारी मिल्काबाई चूल पेटवत नाहीत, लिहीत नाहीत, काहीच काम करत नाहीत. गल्लीची समजूत अशी की बाई शनीचा कडक उपास करतात!

गेल्या वर्षी मिल्काबाईंच्या मागच्या खोलीत रंजीता भाड्याने राहायला आली. तिचे आजोबा पूर्व बंगालमधले निर्वासित, त्यांना सरकारनेच आणून इकडच्या जंगलपट्ट्यात, मुलचेऱ्याकडे वसवलं होतं. तिचा जन्म तिथला, पण घरात बोली बंगालीच. नवरा निताई गवंडी. तो गडचांदूरला कामावर गेला की रंजीता एकटी असे, आणि आता तर तिला सातवा महिना लागला होता. मिल्काबाईंचं पाहून तीही मला हात लावू लागली.

आणि मग निवडणूक आली. रिक्षावरचा भोंगा दिवसभर ओरडू लागला, बाहेरच्यांनी आमची कामं खाल्ली, बाहेरच्यांना हाकला. खाणीत काम न मिळालेली पोरं गल्लीतही पुष्कळ होती. त्यांचं पोट खरोखरच जळत होतं, हे मला कळत होतं. पण पलीकडच्या गल्लीत एका गवंड्याची भांडीकुंडी रस्त्यावर फेकली, तो आवाज मी ऐकला, आणि माझ्या पोटातली गुंडाळी थरथरली. बाहेरच्यांची नावं लिहून घेणारे लोक आधी तिथे यादी घेऊन गेले होते.

शनिवारी सकाळी ते आमच्या दारात आले. पुढे पत्रू, खालच्या गल्लीतला. त्याचा मुलगाही तीन वर्षं घरीच बसून होता. पत्रूने माझ्यावरचं कुंकू पाहिलं आणि आवाज मऊ केला. "बाई, तुम्ही तं आपल्यातल्याच. तुमाले काई भेव नाई. घरात बाहेरचे कोन राह्यते, तेवढं या कागदावर लिहून द्या."

दाराआड रंजीता उभी होती. मिल्काबाई म्हणाल्या, "आज शनिवार आहे. मी लिहीत नाही."

"उपास हाय काय? बरं, उद्या येतो." पत्रूने शनीला हात जोडले आणि कागद ठेवून गेला.

एक दिवस मिळाला खरा, पण तो कसला दिवस! आशाबाई धावत आल्या. "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर काऊन करता? पोरीले मुलचेऱ्याले धाडून द्या."

"सातवा महिना आहे तिला, आशाबाई. आणि वाटेत कोणी अडवलं तर?"

रंजीता रडत म्हणाली, "लिहून द्या माझं नाव, मावशी. माझ्यापायी तुमचं घर जाईल." मिल्काबाईंनी पदराने तिचे डोळे पुसले. संध्याकाळी त्यांनी मला हात लावला, तो बर्फासारखा गार होता. मित्रांनो, मी देवाचं नाव पोटात घेऊन बसलेली, तरी मला भीती वाटली. ही बाई आता नमते की काय, अशी भीती. आणि नाही नमली तर तिचं काय होईल, याची त्याहून मोठी.

रविवारी पत्रू आला, मागे सात-आठ जण. मिल्काबाईंनी दारातच बसून कागद मांडीवर घेतला. 'घरात राहणारे बाहेरचे लोक' असं वर छापलेलं होतं. त्यांनी लिहिलं आणि कागद परत दिला. पत्रू मोठ्याने वाचू लागला, "एक. मिल्का एलिजा झिराडकर. समुद्रापलीकडून." तो थांबला. "हे काय लिवलं, बाई?"

"खरं ते लिहिलं. दुसरं नाव रंजीताचं आहे. हाकलायचं तर क्रमाने हाकल, पत्रू. आधी मी."

मागून एकाने दाराला लाथ मारली, चौकट हादरली, माझा एक खिळा सुटला. तेवढ्यात आशाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पत्रूच्या हातातला कागद ओढला. "मी बी वणीहून आली नांदायले. तिसरं नाव माह्यं लिव. अन् तुही माय पल्याडच्या राज्यातली, आसिफाबादची नाई काय रे? तिले कुठी धाडशीन?"

पत्रूची मान खाली गेली. त्याने आशाबाईंच्या हातून कागद घेतला आणि घडी करून खिशात घातला. "पुन्हा येऊ," एवढंच म्हणाला आणि सगळे गेले.

अजून ते आलेले नाहीत. गल्लीत मोटारसायकल थांबली की मी एका खिळ्यावर लटकत कान देते. निताई म्हणतो, दुसरा खिळा उद्या ठोकतो. रंजीता आजही बाहेर जाताना मला सांभाळून हात लावते, आणि तिचाही हात गार असतो.

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसली तरी चालेल. पण तुमच्या दारात कधी कोणी अशी यादी घेऊन आलं, तर पहिलं नाव कुणाचं लिहायचं, ते आजच ठरवून ठेवा.