स्वतःच्या हातातला कौल

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर मनोगुरू नागनाथ महाराज उभे होते, अंगात कोट, कपाळाला भस्म. एक पाय विज्ञानात, दुसरा अध्यात्मात आणि दोन्हींचा भार लोकांच्या मानेवर.

"मी काही सांगत नाही, बाबांनो," महाराज साखर पेरत म्हणाले. "तुमचं अंतर्मन कौल देतं. मी नुसता पोस्टमन!"

टाळ्या पडल्या. सांगोल्याकडची विजयमाला पुढे गेली. तिची चिमुरडी लेक डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्यात घसरून बुडाली होती. महाराजांनी दोऱ्याला बांधलेला स्फटिक तिच्या हाती दिला, खाली कागद ठेवला. त्यावर उभी रेघ 'होय', आडवी रेघ 'नाही'.

"पोरीचं ओझं वाटत होतं का तुला? तुझ्याच मनानं धाडलं का तिला पाण्याकडं?"

विजयमालानं श्वास रोखून हात स्थिर धरला. स्फटिक थरथरला आणि उभ्या रेघेवर झोके घेऊ लागला. तिनं हलवला नव्हता. ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती हादरली. सभागृहात बायकांनी पदर तोंडाला लावले.

मेंढरं कुठल्या रानात न्यायची हेसुद्धा देवाला फुलं लावून, कौल घेऊन ठरवणारी तिची माणसं. कौलापुढं बोलायची रीत नाही, आणि इथं तर तो तिच्याच हातात हललेला. नवऱ्यानं, शहाजीनं, थोरल्या मुलाला, सिदूला, लगेच आपल्या बहिणीकडं धाडलं.

"आयनं एक गिळलं, दुसरं कशाला ठिवू?" तो भावकीसमोर म्हणाला. विजयमालालाही ते पटलं होतं.

पुढं एकदा सासूनं, मायाक्कानं, तिला त्याच तळ्याच्या काठावरून ओढून आणलं. सरकारी डॉक्टरांनी सोलापूरच्या मानसोपचारतज्ज्ञ चैताली यांच्याकडं पाठवलं. आईच्या धाकानं शहाजीही सोबत येऊ लागला.

चैतालींनी ना अंगारा दिला, ना उपदेश. सुरुवातीला त्या नुसत्या ऐकत राहिल्या. 'तुझा दोष नाही' असंही म्हणाल्या नाहीत. ते सासूनं म्हणून झालं होतं, उपयोग शून्य.

"म्याडम, माज्याच हातात हलला की त्यो," विजयमाला म्हणाली.

"मग तो खरं बोलतो का, ते तपासू या."

चैतालींनी कपाटाच्या किल्लीला दोरा बांधून तो तिच्या हाती दिला, खाली तसाच कागद मांडला. "तुमचं नाव विजयमाला आहे का?" किल्ली 'होय'वर डोलली. मग त्यांनी तिच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, आवाज न करता कागद आडवा फिरवला आणि तेच विचारलं. किल्ली होती त्याच दिशेनं झुलत राहिली.

"आता बघा, ताई."

रुमाल सुटला. किल्ली 'नाही'वरून जात होती.

"किल्लीला कागद दिसत नाही, तुम्हाला दिसतो. मनात जे येतं तिकडं बोटं किंचित हलतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. दोरा लांब, म्हणून झोका मोठा. महाराजांनी भीती कानात घातली, बोटांनी ती गिरवली."

"उगं पोरखेळ!" शहाजी गुरकावला. "आणा हिकडं." कागद सरळ करून त्यानं दोरा धरला.

चैताली काही बोलायच्या आत विजयमालानं विचारलं, "त्या दिवशी तळ्याच्या कुंपणाचं फाटक तुमी उगडं टाकलं व्हतं?"

किल्ली थरथरली. मग 'होय'वर झुलू लागली. शहाजीनं ती चटका बसल्यासारखी फेकली.

"खोटं हाय! किल्लीला काय कळतंय?"

"काहीच कळत नाही, भाऊ," चैताली म्हणाल्या. "यावरून तुम्हालाही दोषी धरता येणार नाही."

शहाजीच्या जिवात जीव आला. विजयमाला त्याच्याकडं बघत राहिली.

"तुमची किल्ली घडीभरात खोटी ठरली," ती म्हणाली. "माज्या दगडापायी पोरगं तोडलंत."

दुसऱ्या दिवशी तो बहिणीच्या गावाला निघाला.

महाराजांच्या सभा अजून भरतात, आणि लोक टाळ्याही वाजवतात. सिदू परत आलाय. पण आईनं पाणी पुढं केलं की तो हात मागं घेतो, कारण 'आयनंच बहिणीला गिळलं' असं आत्यानं त्याला सांगून ठेवलंय. चैतालींकडं आता मायलेक दोघं येतात, आणि हे काम सावकाशीचं आहे. म्हणून सांगतो, वाचणाऱ्यांनो, कुणाच्या हातात दगड हलला म्हणून त्याला खुनी ठरवू नका. आधी त्याचे डोळे बांधा, कागद फिरवा आणि स्वतः बघा. पोर भ्याल्यावर उशीर होतो.