पक्षातल्या पंधरा दुपारी

खोलीत खुर्च्या चोवीस होत्या, त्यातल्या दोन मोडक्या. माणसं, ती आणि नाना सोडून, नऊ. पंखे दोन, फिरत होता एक. समोर फळीवर वीस इंची टीव्ही, त्याच्याखाली व्हिडिओ, आणि दाराला गोणपाट; त्यातून उजेडाच्या तीन रेघा आत येत होत्या. सुहासिनीने हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं. पुढच्या पंधरा दिवसांत यातलं काही बदललं, तर ते तिला ठाऊक असायला हवं होतं. मग तिने आपली खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि वडिलांच्या चेहऱ्यासमोर बसली.

"पोरी, पिक्चर मागं हाय," व्हिडिओ पार्लरवाला नाथा भोईर म्हणाला.

"मला पिक्चर नाही बघायचा, काका. नानांना बघायचंय."

"आपल्या बापाला बघाला घरान नाय मिलत?"

नऊच्या नऊ माणसं हसली. तिचे नाना, उत्तम खंडागळे, हसले नाहीत. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले होते.

बाहेर पत्र्यावर नाथाने खडूने लिहिलं होतं: 'पक्षाचे पंधरा दिवस, पंधरा भुतं. रोज दुपारी दोन वाजता.' पितृपक्षात लग्नं नसतात, म्हणजे नाथाला लग्नाचं शूटिंगही नसे. मग त्याने कुठूनशा जुन्या, गाजलेल्या भुताच्या पिक्चरच्या कॅसेटी जमवल्या होत्या. सर्वपित्रीपर्यंत रोज एक. सुहासिनीला तो पत्रा स्टेशनवरून येताना दिसला आणि तिथल्या तिथे तिने दिवस मोजले. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घटस्थापनेलाच नानांची परीक्षा होती.

नाना मालगाडीचे ड्रायव्हर. नोकरीला सव्वीस वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये आंबिवलीच्या अलीकडे एक बाई डोक्यावर घागर घेऊन रूळ ओलांडत होती. नानांनी भोंगा दिला, ब्रेक टाकला. पण भरलेली मालगाडी थांबायला अर्धा-पाऊण किलोमीटर घेते, आणि बाई दोनशे मीटरवर होती. चौकशीत त्यांच्यावर काही ठपका आला नाही. पण त्यानंतर रुळाजवळ कुणी नुसतं उभं दिसलं तरी त्यांचे डोळे आपोआप मिटायला लागले. तीनदा तसं झाल्यावर त्यांनी स्वतःच जाऊन लोको इन्स्पेक्टरला सांगितलं. इन्स्पेक्टर भला माणूस. तो म्हणाला, "महिनाभर घरी बसा, खंडागळे. घटस्थापनेला मी तुमच्यासोबत इंजिनावर येतो. डोळे मिटले, तर मग गाडी सोडून शेडमध्ये हजेरी लावायची. माझ्या हातात दुसरं काही नाही."

सुहासिनी त्याच जूनमध्ये फिजिक्स घेऊन बीएस्सी झाली होती. भीती मोजता येत नाही असं तिला कुणी शिकवलं नव्हतं. भुतं बघताना डोळे उघडे ठेवायची सवय लागली, तर ते रुळावरही उघडे राहतील, असा तिचा हिशोब होता. तिने नियम ठरवला: पापणी पूर्ण एक सेकंद मिटलेली राहिली, तर एक धरायचं. त्याहून कमी ती नुसती उघडझाप.

पहिल्या दिवशी एकतीस झाले.

"शेजारच्या जाईबाई म्हणतात, पक्षात असली भुतं बघू नयेत," रमाबाईंनी त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता सांगितलं.

"आई, आपल्यात पक्ष पाळतात का?"

"नाही पाळत, ठाऊक आहे मला. बाबासाहेबांनी सोडवलं त्यातून. पण माणूस मेलंय ना यांच्या गाडीखाली? ते तर खरं आहे."

नाना अर्धी भाकरी ताटात टाकून उठले.

तिसऱ्या दिवशी सव्वीस. पाचव्या दिवशी सतरा. नवव्या दिवशी चार. नानांनी रात्री भाकरी मागून घेतली, तेव्हा रमाबाईंनी लेकीकडे बघून हळूच मान डोलावली. दहाव्या दिवशी एकच. नऊ पिक्चर सुहासिनीच्या पाठीमागे होऊन गेले होते, तिने एकही पाहिला नव्हता. तिला ते फक्त वडिलांच्या गालांवर पडणाऱ्या उजेडाने ठाऊक होते: निळसर उजेड, मग काळोख, मग एकदम पांढरा लखलखाट. पण दहाव्या दिवशी तिला दिसलं, की लखलखाट व्हायच्या आधीच नानांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळतात. दर वेळी. दोन-तीन सेकंद आधी.

"नाना, तुम्हाला आधीच कसं कळतं?" परतताना तिने विचारलं.

"वाजतं ना आधी. बारीक, रडल्यासारखं. मग कळतं, आता येणार. मग तयार राहायचं."

कल्याण यार्डात शंटिंग चालू होतं, डब्यावर डबा आपटल्याचा आवाज आला. नानांची पापणी लवली.

"रुळावर काय वाजतं?" तेच म्हणाले.

अकराव्या दिवशी सुहासिनीने नाथाला आवाज पूर्ण बंद करायला सांगितलं.

"मुकं भूत दाखवतो काय रे आता?" मागून एक जण ओरडला.

"इंग्लिस हाय," नाथा म्हणाला. "कालपरीन तुला लय समजत व्हता काय?"

हशा झाला आणि नाथाने बटण फिरवलं. मग पंख्याची खरखर तेवढी राहिली. चौथ्या मिनिटाला नानांचे डोळे पहिल्यांदा मिटले. नंतर ते सारखेच मिटत राहिले. सुहासिनीची पेन्सिल वहीवर रेघा मारत होती. चार झाल्या की पाचवी आडवी. अडतीस. पहिल्या दिवसापेक्षा सात जास्त. एकोणचाळिसाव्याची वेळ आली नाही, कारण नाना उठून बाहेर निघून गेले.

ती मागोमाग गेली, तेव्हा ते टपरीच्या बाकावर बसले होते. चहा समोर होता, त्याला हात लावलेला नव्हता.

"आजचं लिहू नकोस," ते म्हणाले.

"लिहिलंय, नाना."

"मग खोड. शेडमध्ये बसेन मी. माणसं बसतातच की." त्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "चौकशीत विचारलं, बाईनं गाडी बघितली का? मी म्हटलं, नाही साहेब, तिची पाठ होती. तसं लिहून घेतलं त्यांनी. मला काय ठाऊक गं? मी डोळे मिटलेले. तिनं बघितलं असेल माझ्याकडे. नसेलही. तिथं बघणारा मी एकटाच होतो. असिस्टंट चहा ओतत होता."

चहावर साय धरली होती. सुहासिनीने ग्लास उचलून त्यांच्या हातात दिला.

"सव्वीस वर्षं जे दिसलं ते तोंडानं म्हटलं," ते म्हणाले. "तेवढ्याच वेळी नाही म्हटलं."

"म्हटलं म्हणजे?"

"सिग्नल दिसला की मोठ्यानं म्हणायचा. स्टेशनाबाहेरचा होम सिग्नल असेल तर 'होम, हिरवा.' असिस्टंटनं परत म्हणायचं, 'होम, हिरवा.' मनातल्या मनात चालत नाही. न बघता माणूस बोलणार कसा? बोलायचं म्हणजे बघावंच लागतं."

सुहासिनीने पेन्सिल वहीत ठेवली.

"उद्या म्हणा," ती म्हणाली.

"पिक्चर बघताना? लोक हसतील."

"हसू देत."

बाराव्या दिवशी लोक हसलेच. आवाज बंद, खोलीत काळोख, आणि एक सत्तेचाळीस वर्षांचा माणूस सिग्नल वाचावा तसं ओरडत होता: "जिना. बाई. हातात दिवा. दार, बंद."

"दार बंद!" मागून कुणीतरी चेष्टेने परत म्हटलं.

नानांनी वळूनही बघितलं नाही. त्यांना असिस्टंट मिळाला होता. "दार, उघडं," ते म्हणाले. "आत माणूस. तोंड नाही."

"आत माणूस, तोंड नाय!" या वेळी नाथा होता, आणि तो चेष्टा करत नव्हता. हळूहळू सगळीच खोली परत म्हणायला लागली.

त्या दिवशी बावीस झाले. तेराव्या दिवशी नऊ, चौदाव्या दिवशी चार. सर्वपित्रीला शेवटच्या पिक्चरमध्ये विहिरीवर पाणी भरणारी एक बाई होती. "बाई. घागर," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज गेला. त्या एका जागी दोनदा मिटले. बाकी पिक्चरभर एकदाही नाही.

"दोन," घरी तिने सांगितलं.

"मला एकसुद्धा नाही चालणार," नाना म्हणाले.

घटस्थापनेच्या सकाळी सुहासिनी आंबिवलीला गेली. ड्रायव्हर बसतो त्या बाजूच्या फलाटाच्या अगदी टोकाला ती उभी राहिली. तिथून उतार खाली जात होता, आणि उतारावरून माणसं रूळ ओलांडत होती. नळ पलीकडे, वस्ती अलीकडे. दुसरी वाट नव्हती. दहा मिनिटांत तिने तेवीस माणसं मोजली. आपण स्वतःही रुळाजवळ उभं असलेलं माणूस आहोत, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ती दोन पावलं मागे सरकली.

वळणावर इंजिन दिसलं, तेव्हा उतारावरून एक बाई निघाली. डोक्यावर घागर, कडेवर कळशी.

"मावशी! थांबा! गाडी आहे!"

बाईने मान वळवली ती सुहासिनीकडे. पाय थांबले नाहीत. पहिला रूळ तिने ओलांडला. भोंगा सुरू झाला आणि थांबेचना. ब्रेकचं लोखंड किंचाळायला लागलं. सुहासिनीला डोळे मिटून घ्यावेसे वाटले; तिने तोंडाने म्हटलं, "बाई. घागर. मधोमध." तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

दुसरा रूळ. कळशी हेलकावली. बाई पलीकडच्या खडीवर चढली आणि तिथेच उभी राहून इंजिनाकडे तोंड करून बघायला लागली.

भोंगा थांबला. इंजिन संथपणे सुहासिनीच्या समोर आलं. खिडकीत नाना होते, त्यांच्यामागे इन्स्पेक्टरची टोपी. नानांनी लेकीकडे बघितलं नाही. ते समोर बघत होते, गाल ओले होते, आणि ओठ हलत होते. पंधरा दुपारी तिने त्याच ओठांसमोर काढल्या होत्या.

"बाई. घागर," ते म्हणत होते. "बघतेय. इकडे बघतेय."

मग डबेच डबे. शेवटी गार्डचा डबा गेला. पलीकडची बाई नळाच्या रांगेला लागली होती. सुहासिनीने खाली बसून गुडघ्यावर वही ठेवली.

दिवस सोळावा. वेळ दहा बेचाळीस. भोंगा अकरा सेकंद. डबे चौपन्न. चेहरा दिसला चार सेकंद. मिटले: शून्य.